पक्कं केलेलं दार

गोरेगाव, ता. सेनगाव
१९ जानेवारी

प्रिय हरीश,

परवा फोनवर तू आधी विचारलंस, "आई, गाडीची दारं धड आहेत ना?" आणि मग विचारलंस, "बाबा कसे आहेत?" या दोन प्रश्नांचा क्रम माझ्या लक्षात राहिला आहे. छत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला कोणतं वाक्य आधी आलं आणि कोणतं मागून, हे चष्मा न लावताही दिसतं. दारं धड आहेत असं मी म्हटलं, कारण फोन स्पीकरवर होता आणि हे समोरच पलंगावर होते. ते खरं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू येणार, कोमलच्या भावाला, तुझ्या मेहुण्याला, सोबत आणणार आणि गाडी त्याच्या हवाली करणार, असं तुमचं ठरलं आहे. मला विचारून ठरलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो. गाडी द्यायची की नाही, हे तू हे पत्र पूर्ण वाचून ठरव. मधली पानं गाळायची तुझी शाळेतली सवय मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी हे हिंगोलीला म्हणून निघाले आणि रिसोडच्या रस्त्याला लागले, तेव्हा तू पुण्याहून आलास, गाडीची बॅटरी काढलीस, ती सटवाजीच्या गॅरेजवर ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी परत गेलास. तुझ्या दृष्टीने विषय संपला. नांदेडच्या डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, त्यांच्या दृष्टीनेही संपला. इथे मात्र त्याच आठवड्यात एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून हे म्हणाले, "दारात आवाज येऊन राहिला." मला वाटलं, कोणी आलं. मी दार उघडून पाहिलं. "त्या नव्हं, गाडीच्या," ते म्हणाले आणि पत्र्याच्या शेडखाली जाऊन गाडीत बसले. उभ्या गाडीत, बॅटरी नसलेल्या गाडीत, कसला आला आहे आवाज? मी तसं बोलूनही दाखवलं. मी काय बोलून दाखवत नाही!

तुला माहीत आहे, एसटीच्या डेपोत हे आवाज ओळखण्यासाठी प्रसिद्ध होते. ड्रायव्हर कार्डावर नुसतं 'आवाज येतो' असं लिहून मोकळा व्हायचा आणि मग उकंडराव रिकाम्या बसमध्ये चढून, डोळे मिटून बसायचे. बाकीचे मेकॅनिक पान्हा घेऊन धावत; हे आधी ऐकत. लग्न झालं तेव्हा मला याचं काडीचं कौतुक नव्हतं. माझे वडील पूर्णा जंक्शनला गार्ड, मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात धरणारी, आणि नवरा हाताला ग्रीस लागलेला. सिस्टरना मी पत्रिका पाठवली, तर त्यांनी उलट पत्रात नावाचा अर्थ विचारला. आधीची तीन लेकरं दगावली म्हणून चौथ्याला नजर लागू नये यासाठी उकिरड्यावर ठेवून परत उचललं, म्हणून उकंडराव. हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचलं नाही. मी उत्तरच पाठवलं नाही. इतक्या वर्षांनी त्याची लाज वाटते आहे. अर्थाची नव्हे, उत्तर न पाठवल्याची.

तर आवाज. दाराला आतून जो प्लास्टिकचा पत्रा असतो, त्याला सटवाजी डोअर पॅड म्हणतो. तो दाराला स्क्रूने कमी आणि क्लिपांनी जास्त धरलेला असतो. क्लिप म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी प्लास्टिकची खुंटी, टोकाला दोन पाकळ्या असलेली. भोकात ढकलली की पाकळ्या आत मिटतात आणि पलीकडे गेल्यावर फाकतात. झालं, बसली. काढायला जा, ती निघत नाही. ज्या शहाण्याने ही शोधून काढली, त्याने ती लावण्याचाच विचार केला. काढायची वेळ कोणा गरिबावर येईल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. एका दाराला अशा नऊ. पुढच्या दोन दारांना अठरा. तुझे बाबा रोज सकाळी दोन्ही दारांचे पॅड काढत. माझं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. मग मला नुसतं "मास्तरीणबाई" म्हणतात. पण हात चुकत नसे. काढायचे, दाराच्या पोटात कान लावून बसायचे, दुपारी जेवायला उठायचे. पॅड भिंतीला टेकून उभे. लावायचे कसे, हे मात्र ते साफ विसरले आहेत.

तसेच राहू द्यावेत, तर दुसऱ्या दिवशी उघडी दारं बघून घाबरत. "काहून खोललं? कोनी खोललं?" म्हणून अंगणभर फिरत. तेव्हा दुपारी हे झोपले की पॅड लावायची ड्युटी माझ्याकडे आली. निवृत्त मुख्याध्यापिका, वय सदुसष्ट, गाडीत अर्धी आत, अर्धी बाहेर. जनकाबाई कुंपणावरून म्हणाली, "बाई, पाय तेवढे आत घ्या, लोकं म्हंतीन बाई गाडीखाली आल्या."

तू मला त्या वेळी एक व्हिडिओ पाठवला होतास, आठवतं? त्यात एक गोरा माणूस स्वच्छ कपड्यांत उभा राहून दर दुसऱ्या वाक्याला 'सिंपली' म्हणतो. सिंपली ओढा, सिंपली दाबा. तो शब्द ज्याला क्लिप काढता येते त्याने वापरू नये, असा नियम करायला हवा. वाकडी बसलेली क्लिप परत काढायला मी सिंपली ओढलं आणि पॅडची खाच क्लिपसकट तुटून हातात आली. मग जीपने हिंगोलीला गेले. दुकानदाराने मला "माताजी" म्हणून एक पुडी पुढे केली, "युनिव्हर्सल है, सब में लगता है." युनिव्हर्सल म्हणजे काय, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवलेलं आहे. सगळ्यांत बसते याचा अर्थ एकातही बरोबर बसत नाही, हे मला त्या पुडीने शिकवलं. निम्म्या सैल, निम्म्या भोकात शिरता शिरत नाहीत. त्यात पौषाची थंडी. थंडीत ते प्लास्टिक बिस्किटासारखं होतं.

काढायचं शिकले ते यांच्याकडूनच. रोज सकाळी हे "ऊन पाणी दे" म्हणत आणि मी तोंड धुवायला म्हणून तांब्याभर देत असे. कितीतरी दिवसांनी पाहिलं, ते त्यात फडकं बुडवून, पिळून, पॅडच्या कडेवर धरतात. ऊब लागली की प्लास्टिक नरम होतं. मग माझीच शाळेतली लाकडी पट्टी फटीत सारून, क्लिप जिथे आहे तिच्या अगदी शेजारी नेऊन, हलकेच उचलतात. लांबून उचललं की पॅड वाकतो आणि क्लिप तुटते. लोखंडी पेचकस त्यांनी एकदाही वापरला नाही. रंगाला चरा पडतो म्हणून. जी क्लिप पत्र्यातच अडकून राहते ती पक्कडीने मानेशी धरून काढायची, परत पॅडच्या खाचेत सरकवायची. लावणं मात्र माझं मीच जमवलं: आधी काचेकडची वरची कड अडकवायची, सगळ्या खुंट्या भोकांसमोर आल्या की नाही ते पाहायचं, मग तळहाताने एकेक ठोकायची. नीट बसली तर 'टप्प' होतं. वाकडी गेली तर 'कट'. माझ्या घरात मी आता हे दोनच आवाज ओळखते. यांना ऐकू येतो तो तिसरा मला कधी आला नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार म्हणून लिहिलं असतं तर यापेक्षा चांगलं लिहिलं असतं. तुला कळावं म्हणून लिहिते की दोन वर्षं आमचं असं चाललं होतं. सकाळी त्यांनी काढायचं, दुपारी मी लावायचं. मी रोज चिडत होते आणि रोज म्हणत होते, "आवाज नाही हो, नाही." आणि ते रोज जेवत होते, झोपत होते, बोलत होते. दारात ऐकलेलं मला येऊन सांगत होते, "वरून न्हाई, खालून येऊन राहिला. आज जरा जवळ आलो म्या."

आता दहा तारखेचं सांगते. आदल्या दिवशी तुझा फोन आला होता, गाडी कोमलच्या भावाला द्यायची, दारं तेवढी धड ठेव. माझ्या अंगठ्याला संधिवाताने ठणका लागला होता. दुपारी चार क्लिपा तुटल्या, पुडी संपली, उरलेल्यांवर कसाबसा पॅड बसवला. शेवटची ठोकून मी चहा ठेवायला वळले, तर हे झोपेतून उठून आले आणि लगेच पट्टी फटीत घातली. दिवसात दुसऱ्यांदा. असं आधी कधी झालं नव्हतं. मी पट्टी हिसकावून घेतली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले, "नाही! आवाज नाही! नाही!" त्यांनी मान वर केली. मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "तुला ऐकू येत न्हाई, म्हून न्हाई का?"

मी आत गेले आणि सटवाजीला फोन केला.

परवा मी तुला सांगितलं की दारं धड आहेत, फक्त सटवाजीने आपल्या मनाने दाराला स्क्रू मारून टाकले, अडाणी माणूस, काय करणार. हरीश, ते मी खोटं बोलले. सटवाजी ड्रिल घेऊन आला तेव्हा गाडीपाशी उभाच राहिला. "बाई, पॅडला असे आरपार स्क्रू मारत न्हाईत. म्या बारा वर्षं मालकाच्या हाताखाली काढले. त्यायला कळलं तर मला तोंड दाखवाया जागा न्हाई." मी म्हटलं, मी सांगते आहे. तो म्हणाला, "तुमी सांगून राहिल्या म्हून मारतो. पन माझं नाव नका घेऊ." जनकाबाईने यांना पारावर नेऊन बसवलं होतं. अर्ध्या तासात अठरा स्क्रू बसले. जिथे जिथे क्लिप होती तिथे तिथे, पॅड भेदून थेट पत्र्यात. मी हाताने ओढून पाहिलं. तसूभर हललं नाही. त्या क्षणी मला किती हायसं वाटलं, हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर बाकीचं सांगण्याला अर्थ नाही.

हे परत आले आणि गाडीत बसले. पट्टी घातली, ती शिरली नाही. मग बोटाने चाचपत गेले आणि स्क्रूचं एकेक डोकं मोजलं. दुसऱ्या दाराशी जाऊन तिथलीही मोजली. "कोनं केलं?" मी म्हटलं, "सटवाजीनं." तासाभरात मी त्याचं नाव घेतलं. ते हसले. दोन वर्षांत इतकं धड वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "सटवाजी असं करत न्हाई, म्या शिकवलं त्याला. ज्याला आवाज सापडत न्हाई ना, ते पक्कं करून टाकते." डेपोत नालायक कारागिरासाठी हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. आणि ते माझ्याकडे बघत होते. मी कोण, हे त्या वेळी त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मग ते मोरीत गेले, कपड्यांची पावडर घेतली आणि कोपरापर्यंत हात धुतले. तुला आठवत असेल, डेपोतून आल्यावर कसे धुवायचे, नखांच्या कडा घासून घासून. हाताला ग्रीसचा ठिपका नव्हता. टॉवेलला हात पुसले, टॉवेल खुंटीवर नीट लावला आणि म्हणाले, "सुट्टी झाली."

त्याला आज नऊ दिवस झाले. ते गाडीकडे गेलेले नाहीत. ऊन पाणी मागत नाहीत. मी समोर ठेवते, ते निवून जातं. घास भरवला तर खातात, नाही भरवला तर ताटाकडे बघत राहतात. संक्रांतीला हातावर तीळगूळ ठेवला, तो तिन्हीसांजेपर्यंत मुठीतच होता. गल्लीतल्या चतुराबाईच्या सुना वाणाला आल्या तेव्हा मी मूठ सोडवून घेतला. जनकाबाई म्हणते, "बरं झालं बाई, मालक निवांत झाले." डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, शांत आहेत ना, मग चांगलंच आहे. तूही परवा म्हणालास, सुटलीस आई. सगळ्यांना बरं वाटतं आहे. मी मात्र दुपारी दोन वाजले की शेडकडे जाते आणि तिथे मला करायला काही नसतं. दारं लावलेली असतात.

शनिवारी आणि काल, दोन दिवस बसून मी ते अठरा स्क्रू काढले. सटवाजीला बोलावलं नाही, त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तीन डोकी घासली गेली, ती पक्कडीने फिरवावी लागली. स्क्रू आले, पण ज्या भोकात क्लिप बसायची ते आता दुप्पट झालं आहे, आणि जुन्या क्लिपा ड्रिलने फोडल्या आहेत. पॅड वरच्या कडेवर नुसता लोंबतो आहे. मग मी आत जाऊन यांच्या पलंगापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, चला, गाडीत आवाज येतो आहे." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पांघरूण वर ओढून भिंतीकडे तोंड केलं. मी अजून दोनदा म्हणाले. दोन वर्षं रोज नाही म्हणणाऱ्या बाईने अचानक हो म्हटलं, तर कोण विश्वास ठेवील? वर्गातल्या मुलाने ठेवला नसता.

म्हणून हे पत्र. फोनवर हे बोलता आलं नसतं, आणि फोनमधून क्लिप पाठवता येत नाही. पाकिटात कापसात गुंडाळून एक ठेवली आहे. ड्रिलखालून वाचलेली ती एवढी एकच. ती घेऊन पुण्यात हिंड, आणि हिच्यासारखीच, पण मानेशी जाड, मोठ्या भोकाला धरणारी अशी क्लिप मिळते का बघ. युनिव्हर्सल म्हणाला की दुकानातून बाहेर पड. अठरा आणू नकोस, चाळीस आण, माझ्या हातून तुटतात. कोमलच्या भावाला आणू नकोस, गाडी कुठेही जाणार नाही. आणि आल्यावर आधी घरात येऊ नकोस. सरळ शेडमध्ये जा, गाडीत बस, दार ओढून घे आणि ऐक. खरंच ऐक, नुसतं बसू नकोस. खोटं त्यांना कळतं, हे मी पाहिलं आहे. मग तिथूनच त्यांना हाक मार आणि आवाज येतो म्हण. माझं ते ऐकत नाहीत, पण तू त्यांना आजवर कधी 'आवाज नाही' असं म्हणालेला नाहीस. तू कधी विचारलंच नव्हतंस, म्हणून; पण तेवढं एक आपल्याकडे शिल्लक आहे.

तुझीच,
तुझ्यावर रागावलेली आणि वाट बघत असलेली
आई